पूजेतल्या कॅमेऱ्याला फ्लॅश

आमच्या कांदिवलीच्या घरात आता सकाळीसुद्धा ट्यूबलाइट लावावी लागते. समोरच्या मोकळ्या जागेवर टॉवर उभा राहिला आणि आमचं पहिल्या मजल्यावरचं घर कोणीतरी कपाटात ठेवून दिल्यासारखं झालं. मला त्या टॉवरचा राग आहे. कपडे वाळत नाहीत, कुंडीतली तुळस जगत नाही, हे आहेच. पण खरा राग त्यानं आमचा दसऱ्याचा फोटो खाल्ला याचा.

हा फोटो माझे सासरे काढायचे. त्यांना आम्ही बाबा म्हणतो. बाबा मालवणकडचे. गिरणी चालू होती तोवर साच्यावर होते, आणि सुट्टीच्या दिवशी चाळीतल्या लग्ना-बारशांचे फोटो काढायचे. गावचा एकजण बोटीवर नोकरीला होता, त्यानं आणलेला जुना रशियन कॅमेरा त्यांच्याकडे आहे. हातात घेतला की वरवंट्यासारखा जड. त्याच्या छोट्या खिडकीतून बघितलं की मधोमध एक पिवळट चौकोन दिसतो आणि त्या चौकोनात समोरचा माणूस दोनदा दिसतो. लेन्स फिरवत फिरवत ती दोन माणसं एकमेकांवर बसवायची. नीट बसली की फोकस झाला. लग्न होऊन या घरात आले तेव्हा बाबांनी मला त्यातून बघायला दिलं होतं. समोर नवरा बसला होता. त्याची दोन नाकं हळूहळू एक होताना बघून मला इतकं हसू आलं की कॅमेरा हातातून सुटता सुटता राहिला. बाबा ओरडले नाहीत. हसले. तेव्हापासून आमचं दोघांचं जमतं.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा जोरात असते. पाटावर लाल कापड, त्यावर बाबांचे पाने-पकडी, माझे स्क्रूड्रायव्हर, सासूबाईंची कात्री, मुलांची पुस्तकं, नवऱ्याचा लॅपटॉप. शिलाई मशीन जागच्या जागी, पण हार तिलाही. सगळ्यांना हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. आणि मग नियम असा, की पूजेतल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांना सुट्टी. सासूबाई या बाबतीत फार कडक आहेत. अपवाद एकट्या कॅमेऱ्याचा. पूजा झाली की बाबा त्याला नमस्कार करून उचलायचे, सगळ्यांना बाहेरच्या खोलीत ओळीनं उभं करायचे आणि गॅलरीतून आलेल्या उन्हात एक फोटो काढायचे. एकच. आम्ही श्वास धरून उभे. सासूबाईंना हा अपवाद कधीच पटला नव्हता, पण बाबांचं म्हणणं, त्याचं काम याच दिवसाचं, तर त्याला सुट्टी कशाची?

टॉवर झाल्यावर पहिल्या दसऱ्याला बाबांनी ट्यूबलाइटच्या उजेडात प्रयत्न केला. उजेड कमी म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागलं. फोटो आला त्यात आम्ही सगळे भुतं. कोणाला तीन कान, नणंदेचा हात धुरासारखा. बाबांनी तो फोटो ड्रॉवरमध्ये उलटा ठेवला. त्यानंतर दसरे आले, गेले, कॅमेऱ्याला हळद-कुंकू लागलं आणि तो पुन्हा देवघराखालच्या कप्प्यात गेला. एकदा मी विचारलं, "बाबा, फोटो?"

"आता तो देव झालो," बाबा म्हणाले. "देवाक काम सांगूचा नसता."

हे त्यांनी हसत सांगितलं, पण मला ते फार लागलं. हा माणूस फोटो काढायचा तेव्हा त्याची पाठ ताठ व्हायची, आवाज बदलायचा, "पदर सारखो कर गो, तू जरा डावीकडे सर" असं सगळ्यांवर राज्य करायचा. तो माणूस आता सकाळभर टॉवरकडे तोंड करून खुर्चीत बसू लागला होता. फोनवर फोटो काढा म्हटलं की फोन नातवाच्या हातात द्यायचे.

मी अंधेरीला एका छोट्या कारखान्यात काम करते. आम्ही विजेचे रिले बनवतो आणि दुरुस्तही करतो. रिले म्हणजे काय, तर दोन धातूच्या पट्ट्या नेमक्या वेळी एकमेकींना भेटल्या पाहिजेत आणि नेमक्या वेळी सुटल्या पाहिजेत. माझं आख्खं आयुष्य या भेटीगाठी जुळवण्यात गेलंय. एकदा दुपारी डबा खाताना डोक्यात लख्ख आलं, की फ्लॅशला तरी दुसरं काय लागतं? शटर उघडल्याच्या क्षणी दोन पट्ट्या भेटल्या की फ्लॅश पेटणार. बाबांचा कॅमेरा जुना, त्यात फ्लॅशची सोयच नाही. मग आपण करू की! मी पोळी अर्धी टाकून उठले. समोरची मैत्रीण म्हणाली, "काय गं, वाट लागली का कुठे?" मी म्हटलं, "वाट लागली नाही, सापडली."

घरी आल्या आल्या बाबांना सांगितलं. ते ऐकून घेत होते, ऐकून घेत होते, आणि मग म्हणाले, "भोक पाडूचा आसात तर हात लावूचो नाय हां."

आता आली का पंचाईत! कॅमेऱ्याला फ्लॅश जोडायचा म्हणजे वायर आत न्यायची, म्हणजे भोक पाडायचं, हाच सरळ रस्ता. पण बाबांचंही बरोबर होतं. माझ्या अंगावर कोणी ड्रिल घेऊन आलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. मग मी तो कॅमेरा चार-पाच रविवार नुसता बघत बसले. शटरला चावी देणारा नॉब फिरवायचा, बटण दाबायचं, बघायचं. आणि मला दिसलं, की वरती शटरचा वेग ठरवणारी जी चकती आहे, ती बटण दाबलं की स्वतःभोवती गर्रकन फिरते. आतला कापडी पडदा सरकतो तेव्हा ती त्याच्याबरोबर फिरते आणि पडदा पूर्ण उघडला की थांबते. म्हणजे आत काय चाललंय ते हा कॅमेरा इतकी वर्षं बाहेर सांगत होता! मला नाचावंसं वाटलं. भोक कशाला पाडायचं? चकतीला बाहेरून एक बारीक पितळी कडी घालायची, कडीला एक नाक. शेजारी, कॅमेऱ्याच्या डोक्यावर सामान अडकवायची जी खाच असते, तिच्यात एक पट्टी बसवायची. चकती फिरून थांबताना नाक पट्टीला टेकलं, की झालं काम. आणि नको असेल तेव्हा दोन स्क्रू सैल करून सगळं काढून टाका. कॅमेऱ्यावर ओरखडासुद्धा नाही.

पट्टी मी कारखान्यातल्या टाकाऊ रिलेची घेतली, टोकाला चांदी असलेली. खाचेत बसणारा तुकडा फायबरचा केला, म्हणजे पट्टीचा कॅमेऱ्याच्या धातूशी संबंध येणार नाही. फ्लॅश एका सहकाऱ्याच्या कपाटात पडून होता, छोटासा, साबणाच्या वडीएवढा. सगळं जोडलं आणि वायर लावल्या लावल्या तो फटकन माझ्या तोंडावरच पेटला. सासूबाई आतून धावत आल्या. झालं असं होतं, की नॉब न फिरवता ठेवलं की नाक पट्टीला टेकलेलंच असतं. म्हणजे आधी नॉब फिरवायचा, मग फ्लॅश लावायचा. हा धडा मला डोळ्यांसमोर हिरवे ठिपके नाचवून मिळाला.

मग खरी परीक्षा. या कॅमेऱ्याची पाठ निघते. लेन्स काढायची, पाठ काढायची, फ्लॅश समोरच्या भिंतीकडे रोखायचा, मागून डोळा लावायचा आणि बटण दाबायचं. शटर पूर्ण उघडं असताना फ्लॅश पेटला तर पांढरा शुभ्र आख्खा चौकोन दिसणार. पहिल्यांदा दाबलं तर अर्धाच चौकोन! पडदा वाटेत असतानाच माझं नाक पट्टीला भेटत होतं. उतावळी कुठली. मी कडी केसभर फिरवली. आता पाऊण चौकोन. आणखी केसभर. मग थोडी जास्तच झाली आणि फ्लॅश पेटेचना. मी चिडले, चहा प्यायले, नवऱ्याला उगाच बोलले, पुन्हा बसले. आणि मग एकदा दाबलं आणि समोर पूर्ण, चारही कोपऱ्यांचा, स्वच्छ पांढरा चौकोन!

मी ओरडलेच. "बाबा! बाबा, या, बघा!"

बाबा आले, चष्मा वर केला, डोळा लावला. मी बटण दाबलं. त्यांनी डोळा काढून भिंतीकडे बघितलं. मला वाटलं, आवडलं नाही. मग म्हणाले, "परत दाखव."

मी परत दाखवलं. मग परत. किती वेळा ते मोजलं नाही. शेवटी बाबांनी स्वतःच नॉब फिरवून स्वतःच दाबायला सुरुवात केली, आणि फ्लॅशची बॅटरी संपली तेव्हा कुठे थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुर्चीत नव्हते. मला न सांगता वांद्र्याला जाऊन फिल्मचा रोल घेऊन आले होते. तिथल्या दुकानातली पोरं हल्ली पुन्हा फिल्म वापरतात म्हणे, आणि हा कॅमेरा बघून त्यांनी बाबांना बसायला खुर्ची दिली. हे सांगताना बाबांची पाठ ताठ होती.

दसरा आला. मी इतकी खूश होते की त्याच खुशीत एक घोळ घातला. माझी पट्टी आणि कडी कॅमेऱ्यावर चढवूनच मी तो पूजेत ठेवला. नवीन वस्तू आहे, तिचीही पूजा व्हायला हवी ना! पाटावर माझे स्क्रूड्रायव्हर, शेजारी कॅमेरा, त्यावर माझी चकचकीत पट्टी. सासूबाईंनी ओल्या हळदीत बोट बुडवून एकेका वस्तूला लावत नेलं. मी आरतीच्या तयारीत.

पूजा झाली, नमस्कार झाले, आपट्याची पानं वाटून झाली. दीर-जाऊ, नणंद, मुलं, सगळे आलेले. बाबांनी कॅमेरा उचलला. बाहेरच्या खोलीत सगळ्यांना उभं केलं. "तू हय. तू बस. ह्येका पुढे घे." तोच जुना आवाज! मी फ्लॅश लावून दिला. बाबांनी खिडकीला डोळा लावला, दोन प्रतिमा एकीवर एक बसवल्या, आम्ही श्वास धरला.

खट्.

फ्लॅश पेटला नाही.

बाबांनी नॉब फिरवला, परत दाबलं. खट्. काही नाही. मुलं हसायला लागली. नवरा म्हणाला, "अगं, फोनवर काढू ना. कशाला टेन्शन घेतेस?"

"तू गप रे," मी म्हटलं. पण माझं लक्ष बाबांकडे होतं. त्यांनी कॅमेरा हलकेच खाली केला. पाठ वाकली. मला ती वाकताना दिसली. "ऱ्हवांदे," ते म्हणाले, आणि कॅमेरा परत पाटावर ठेवायला निघाले. मला माहीत होतं, की आज तो पाटावर गेला तर पुन्हा कधीच उचलला जाणार नाही. तो कायमचा देव होणार. माझ्यामुळे.

मी त्यांच्या हातातून कॅमेरा जवळजवळ ओढलाच. पट्टी उजेडाकडे धरली आणि डोक्यावर हात मारून घेतला. पट्टीच्या टोकाला, जिथे माझी चांदी होती, बरोबर तिथे, हळदीचा सुकलेला जाड टिळा. वर कुंकू. आणि एक तांदळाचा दाणा चिकटलेला. वीज जाणार कुठून!

"नवीन हा ना," सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "म्हणान जरा जास्त लावलंय."

त्यांच्यावर कसं चिडणार? मीच नाही का ठेवला होता? पट्टी काढून साफ केली की पाच मिनिटांचं काम. दोन बारीक स्क्रू. मी पाटाकडे वळले, स्क्रूड्रायव्हर घ्यायला हात पुढे केला, आणि सासूबाई मध्ये आल्या.

"हत्यारां पूजेत हत. आज उचलूची नाय."

झालं! सगळे स्क्रूड्रायव्हर पाटावर, हळद-कुंकू लावून, सुट्टीवर. मी नखानं प्रयत्न केला. नख तुटलं. चमच्याच्या टोकानं केला, चमचा जाड. सुरीचं टोक चाललं असतं, पण सुरी धुऊन पुसून पूजेत. कात्री पूजेत. पकड पूजेत. घरातली एकूण एक धारदार आणि टोकदार वस्तू झेंडूचं फूल डोक्यावर घेऊन बसली होती. शेजाऱ्यांकडे मागावं तर त्यांच्याकडेही दसराच. मला रडू यायच्या बेतात होतं आणि रागही येत होता, आणि तो नेमका कोणावर हे कळत नव्हतं.

बाबा खुर्चीत जाऊन बसले होते. टॉवरकडे तोंड करून.

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ. मग त्या पाटासमोर बसल्या, तबकातून चिमूटभर अक्षता घेतल्या, माझ्या सगळ्यात बारीक स्क्रूड्रायव्हरवर टाकल्या, "पुनरागमनाय च" असं पुटपुटल्या आणि तो बोटानं जागचा जरासा हलवला. पूजा हलवायची ती दुसऱ्या दिवशी, हे मला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी तो स्क्रूड्रायव्हर उचलला, पदराला पुसला आणि माझ्या हातात दिला.

"ह्या एकाचीच हलयलंय," त्या म्हणाल्या. "बाकीची तशीच ऱ्हवांदेत."

मी त्यांना तिथेच मिठी मारली असती, पण हातात कॅमेरा होता. पट्टी काढली, ओल्या फडक्यानं पुसली, सुकवली. मग कारखान्यातली आमची नेहमीची युक्ती. कडक कागदाचा तुकडा दोन धातूंच्या मध्ये धरून ओढायचा, की उरलासुरला मळ निघून येतो. कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचा कोपरा फाडला. पहिल्या ओढीला कागदावर पिवळी रेघ आली, दुसऱ्या ओढीला फिकी, तिसऱ्याला कोरा. पट्टी बसवली, कडी जुन्या खुणेवर आणली. बाबांच्या मांडीवर कॅमेरा ठेवला आणि म्हटलं, "उठा."

ते उठले. परत सगळे ओळीत. नॉब. फ्लॅश. खिडकी. दोन प्रतिमा, एक प्रतिमा.

फट्ट!

आख्खी खोली पांढरी झाली. मुलं किंचाळली, नणंद "अगं बाई" म्हणाली, नवऱ्यानं चक्क टाळी वाजवली. झकास! मी उड्या मारत होते, या वयात. बाबा कॅमेऱ्यामागून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता असा होता.

"आजून एक," ते म्हणाले.

दसऱ्याला एकच फोटो काढणारा हा माणूस! आणखी एक काढला. मग आणखी एक. मग ते आमच्यापासून वळलेच. शिलाई मशीनचा काढला, हारासकट. पाटावरच्या हत्यारांचा काढला. पलंगाखाली लपलेल्या नातवंडांचा काढला. ज्या ज्या कोपऱ्यात या घरात कधी ऊन पोचलं नव्हतं, टॉवरच्या आधीही नव्हतं, तिथे तिथे ते कॅमेरा घेऊन शिरू लागले. मी मागे मागे, "बाबा, दोन मीटरवर असाल तर लेन्सचा आकडा आठावर ठेवा, जवळ गेलात तर अकरावर" असं ओरडत.

शेवटी ते स्वयंपाकघराच्या दारात थांबले. आमचं स्वयंपाकघर म्हणजे चिंचोळी पट्टी, एक झरोका, तोही डक्टमध्ये उघडणारा. ओट्यापाशी सासूबाई वड्यांचा घाणा तळत होत्या. बाबांनी कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला आणि तसेच राहिले. मला वाटलं, फोकस जमत नाही.

मग कॅमेऱ्यामागूनच बोलले, "इतकी वर्सां तू हयच उभी होतंस. माका हय कधी उजेडच गावलो नाय."

सासूबाई झारा हातात घेऊन गर्रकन वळल्या. "उजेड गावलो नाय, की बघूक सवड गावली नाय तुमका?"

फट्ट.

बाबांनी कॅमेरा खाली केला. सासूबाई तोवर परत कढईकडे वळल्या होत्या. वडे बाकी छान झाले होते.

पुढच्या आठवड्यात वांद्र्याहून फोटो आणले ते मी. जिन्यातच पाकीट फोडलं. मी आधी बघितले ते चारही कोपरे, सगळ्या फोटोंचे. कुठेही अंधार नाही, कुठेही अर्धा चौकोन नाही. माझी पट्टी एकदाही चुकली नव्हती! ओळीतल्या पहिल्या फोटोत आम्ही सगळे फ्लॅशच्या धाकानं डोळे विस्फारून उभे आहोत, चोर पकडल्यासारखे. बाबा तो बघून पोट धरून हसले. मग स्वयंपाकघराचा फोटो त्यांच्या हातात आला.

त्यात सासूबाई झारा रोखून उभ्या आहेत आणि तोंड उघडं आहे. मागचे डबे, भिंतीवरचा तेलकट पिवळा पट्टा, कपाळावरचा घाम, सगळं लख्ख. बाबा तो फोटो ट्यूबलाइटखाली धरून उभे राहिले. हसले नाहीत. उभेच राहिले. सासूबाई आत ओट्यापाशी होत्या, नळ चालू होता.

"सवड गो," बाबा आतल्या दिशेनं म्हणाले. "सवडच गावली नाय."

नळ बंद झाला. मग सासूबाई म्हणाल्या, "ता माका म्हायत हा. हाडा तो फोटो हय. बघूंदे माका."

बाबा फोटो घेऊन आत गेले.